आमची वाटचाल : सहा तातामींच्या खोलीतून

जपानमध्ये कावासाकीत मिझोनोकुचि स्टेशनाजवळ एक जुनी इमारत होती. तिच्यात सहा तातामींची, म्हणजे सहा गवती चटया मावतील एवढी एक खोली, दोन माणसं आणि सन कंपनीचा एक सेकंडहँड कॉम्प्युटर, सन ३/६०. १९९१ साली आमची फर्म म्हणजे एवढंच.

मी मूळचा पुण्याचा. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकलो, नोकरीसाठी इकडे आलो आणि पाच वर्षांनी नोकरी सोडली. माझे भागीदार माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, जन्मभर यंत्रांची माहितीपुस्तकं लिहिलेले. पहिल्या दिवसापासून मी त्यांना सेन्सेईच, म्हणजे गुरुजीच म्हणत आलो. व्हिडिओ, कॅमेरा, शिलाई मशीन यांची पुस्तकं जपानीतून इंग्रजीत किंवा उलट करायची आणि पानं लावून छपाईला तयार करून द्यायची, हे आमचं काम.

त्या काळी इकडच्या कोणत्याही ऑफिसात जा, टेबलावर एनईसी कंपनीचा पीसी-९८०१ हा कॉम्प्युटर दिसायचा. जपानी त्याच्यावर छान चालायचं. आमच्याकडेही एक होता. पण तीन-चारशे पानांचं पुस्तक, त्यातले आकृत्यांचे क्रमांक, शेवटची सूची, हे सगळं एका फाइलीत धरून ठेवायचं तर आम्हाला युनिक्स ही सिस्टिम आणि टेक हा पानं जुळवणारा प्रोग्राम हवा होता, आणि एकाच मजकुरावर दोघांना आपापल्या टेबलावरून काम करता यायला हवं होतं. एका ऑफिसातलं लीज संपलेलं सनचं मशीन परवडेल अशा भावात मिळालं. ६८०२० प्रोसेसर, २० मेगाहर्ट्झ, आठ मेगाबाइट मेमरी आणि उन्हाळ्यात खोली तापवणारा १९ इंची काळा-पांढरा मॉनिटर. कामाला दणकट. फक्त त्याला जपानी येत नव्हतं. सनचं स्वतःचं जपानी पॅकेज वेगळं विकत घ्यावं लागे आणि आमच्या गल्ल्यात तेवढे पैसे नव्हते.

नोकरीतल्या सवयीने मी आधी साधं इमॅक्स, म्हणजे मजकूर लिहायचा एडिटर, चालवलं आणि सेन्सेईंनी पीसीवर लिहिलेला मजकूर युनिक्सवरच्या जपानी कोडिंगमध्ये (अक्षरांना आकडे देण्याच्या पद्धतीत) बदलून त्यात उघडला. ‘निहोंगो’ (जपानी भाषा) या शब्दाच्या तीन अक्षरांच्या जागी उलट्या तिरक्या रेघा आणि आकडे आले : ३०६, ३७४, ३१३, ३३४, २७०, ३५४. सहा बाइट, सहा आकडे. सेन्सेई चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, “आत आहे सगळं. याला दाखवता येत नाही, एवढंच.”

मग विद्यापीठातल्या त्यांच्या एका परिचितांनी एक कार्ट्रिज टेप पाठवली. आमच्या धंद्याचं खरं भांडवल म्हणजे ती टेप. तिच्यात नेमॅक्स होतं, टाइप केलेल्या उच्चारांच्या कांजी बनवणारं व्नन होतं, जपानी दाखवणारी खिडकी म्हणजे केटर्म होतं आणि कांजीचे (चिनी वळणाच्या चित्राक्षरांचे) फॉन्ट होते. नेमॅक्स म्हणजे निहोंगो इमॅक्स, त्सुकुबाच्या इलेक्ट्रोटेक्निकल लॅबोरेटरीत हांदा केनिचि यांनी तयार केलेलं. त्याच लॅबमधल्या तोमुरा सातोरु यांनी जपानी टाइप करण्यासाठी ‘तामागो’ लिहिलं. तामागो म्हणजे अंडं, पण ते ‘ताकुसान मातासेते गोमेन नासाइ’ या वाक्यातल्या शब्दांच्या पहिल्या अक्षरांवरून केलेलं नाव आहे : ‘फार वाट पाहायला लावली, माफ करा’. व्ननचं नावही वाक्यावरूनच आलं. ‘वाताशि नो नामाए वा नाकानो देसु’, म्हणजे ‘माझं नाव नाकानो’. तोवर कांजी बनवायच्या तर तुकड्या-तुकड्याने बनवाव्या लागत. हे अख्खं वाक्य एका दमात बरोबर उतरलं पाहिजे, अशी जिद्द त्या मंडळींनी धरली होती. या सगळ्या लोकांनी आपलं काम सोर्ससकट, म्हणजे प्रोग्रामच्या मूळ मजकुरासकट, मोकळं करून दिलं. त्यांच्यातल्या एकालाही आम्ही कधी भेटलो नाही. आमची चूल मात्र त्यांच्यामुळे पेटली.

टेप मिळाली म्हणजे काम झालं, असं नव्हतं. सगळं सोर्समध्ये. ते आपल्या मशीनवर कंपाइल करायचं, म्हणजे मशीनला चालवता येईल अशा रूपात आणायचं, एखाद्या ओळीवर अडलं की ती दुरुस्त करायची आणि पुन्हा सुरुवात. रात्री लावून ठेवायचं आणि सकाळी पहिल्या लोकलने येऊन बघायचं. डिस्क एवढीशी, की व्ननचे शब्दकोश ठेवायला जागा करावी म्हणून आम्ही मॅन्युअलची पानंसुद्धा पुसून टाकली. शब्दकोश सांभाळणारा जेसर्व्हर सुरू झाला तरी नेमॅक्स त्याला हाक मारू शकेना. त्यात दीड दिवस गेला. शेवटी कळलं, की कोणता प्रोग्राम कोणत्या पोर्टवर सापडेल हे सांगणाऱ्या सर्व्हिसेसच्या फाइलीत व्ननची ओळ, पोर्ट २२२७३, मी घातलीच नव्हती.

सनच्या पडद्यावर जपानी उमटलं त्या दिवशी आम्ही खालच्या दुकानातून गरम सोबा (जपानी नूडल्स) आणून खाल्ला. सेन्सेईंनी कंट्रोल दाबून उलटी तिरकी रेघ दाबली, खालच्या पट्टीत ‘आ’ हे हिरागाना (उच्चाराप्रमाणे लिहायच्या लिपीतलं) अक्षर आलं. रोमन अक्षरांत ते वाक्य टाइप केलं. दोन उभ्या रेघांच्या कुंपणात हिरागाना भरत गेले. स्पेस दाबली, आणि नाकानोंचं वाक्य कांजींसकट समोर उभं राहिलं.

पण सेन्सेईंचं टेबल दुसरं. तिथे पीसी-९८०१ टर्मिनल म्हणून सिरियल केबलने सनला जोडला होता. तिथून तीच फाइल उघडली की ‘निहोंगो’ऐवजी दिसे : कॅपिटल एफ, उभी रेघ, कॅपिटल के, उलटी तिरकी रेघ, आठ आणि स्मॉल एल. मी फॉन्टच्या मागे लागलो. तीन दिवस फॉन्ट, टर्मिनलचा प्रोग्राम, पुन्हा फॉन्ट. चौथ्या दिवशी सेन्सेईंनी एका बिलाच्या पाठीमागे पेन्सिलीने मांडलं. ‘निहोंगो’तल्या पहिल्या कांजीचा, ‘निचि’चा, पहिला बाइट आठ बिटांत ११०००११०. इंग्रजी एफचा ०१०००११०. दोन्ही एकाखाली एक लिहून त्यांनी सर्वांत डावीकडच्या एककावर गोल केला.

आम्ही युनिक्सवर ईयूसी हे कोडिंग वापरत होतो. त्यात जपानी अक्षराच्या दोन्ही बाइटचं आठवं बिट एक असतं, आणि तीच त्याची जपानी असण्याची खूण. आमची सिरियल लाइन सात बिट, इव्हन पॅरिटीवर लावलेली होती, म्हणजे आठव्या बिटाची जागा चूक तपासायच्या खुणेने घेतली होती. आठवं बिट वाटेतच गळत होतं, आणि अक्षर मुकाट्याने इंग्रजी होऊन पलीकडे पोहोचत होतं. दोन्ही टोकांना आठ बिट केलं, पॅरिटी काढली, आणि सेन्सेईंच्या पडद्यावर ‘निहोंगो’ आलं. इकडे ईमेलमध्ये जपानी पाठवायला जेआयएस या जपानी मानकाचं सात बिटांचं रूप का निवडलं गेलं, तेही त्या दिवशी मला खऱ्या अर्थाने समजलं. वाटेतलं कोणतं मशीन आठवं बिट खाईल, याचा नेम नव्हता. म्हणून त्या रूपात ‘इथून जपानी सुरू’ आणि ‘इथे संपलं’ अशा खुणा मजकुरातच घालतात.

ते बिल अजून आमच्याकडे आहे, काचेच्या फ्रेममध्ये.

त्यानंतरची चूक माझी, आणि तीच आमच्या फर्मची पद्धत घडवून गेली. १९९२च्या सुरुवातीला व्हिडिओ रेकॉर्डरचं एक पुस्तक मिळालं. आमच्यासाठी तोवरचं सर्वांत मोठं काम. ग्राहकाचा मजकूर पीसीवरून यायचा, म्हणजे शिफ्ट-जेआयएस या पीसीवरच्या कोडिंगमध्ये. मुख्य मजकूर मी एनकेएफ नावाच्या छोट्या प्रोग्रामने ईयूसीत बदलून घेतला. सूचीच्या नोंदींची फ्लॉपी मात्र उशिरा आली, आणि घाईत मी ती न बदलताच माझ्या शेल स्क्रिप्टमधून, म्हणजे युनिक्सच्या शेलला द्यायच्या आज्ञांच्या यादीतून काढली. प्रूफ पाठवलं. दुसऱ्या दिवशी फोन आला : सूची वाचता येत नाही.

शिफ्ट-जेआयएसमध्ये कांजीचा दुसरा बाइट कधीकधी ५सी (सोळाच्या हिशेबात लिहिलेला आकडा) असतो. ५सी म्हणजे साध्या कोडात उलटी तिरकी रेघ, जपानी कीबोर्डवर येनचं चिन्ह. शेलला ती रेघ दिसली की ते तिला आज्ञा समजून गिळतं. आणि नशीब असं, की ‘ह्योजि’तलं ‘ह्यो’, ‘किनोओ’तलं ‘नोओ’, ‘योयाकु’तलं ‘यो’ आणि ‘सोफुतो’तलं काताकाना (परकी शब्द लिहायच्या लिपीतलं) ‘सो’ या सगळ्यांचा दुसरा बाइट ५सीच आहे. अर्थ अनुक्रमे डिस्प्ले, फंक्शन, टायमर लावणं, सॉफ्टवेअर. व्हिडिओच्या पुस्तकात या चार शब्दांशिवाय पानच नसतं.

त्या रात्री घरी गेलो आणि मूळ सूची व आमचं प्रूफ जेवणाच्या टेबलावर शेजारी-शेजारी ठेवलं. माझ्या बायकोला तेव्हा जपानी वाचता येत नव्हतं. ती पोळ्या आटोपून आली, दोन्ही पानांवर बोट फिरवत म्हणाली, “अहो, हे अक्षर बघा. इकडे वेगळं, तिकडे वेगळं. आणि इथे दोन ओळी एकात एक घुसल्यात.” ती म्हणत होती ते तंतोतंत खरं होतं. ‘ह्योजि’मधला ५सी गळल्यावर उरलेले बाइट पुढे सरकून भलतीच जोडी जमली होती, आणि त्या जोडीतून जी कांजी तयार झाली तिचा अर्थ ‘अवमान’. जिथे डिस्प्ले तिथे अवमान, आणि मागे अर्ध्या रुंदीचा एक काताकाना. ‘किनोओ’ ओळीच्या शेवटी असेल तर रेघेबरोबर ओळीचा शेवटही गिळला जाऊन पुढची नोंद चिकटत होती. मला अर्थ कळत होता म्हणून मी डोळ्यांनी पुढे धावत होतो. तिला फक्त आकार दिसत होता, म्हणून चूक तिला सापडली.

सेन्सेई आणि मी ग्राहकाकडे जाऊन कमरेतून वाकून माफी मागितली. दोन रात्री बसून सूची पहिल्यापासून केली, पैसे घेतले नाहीत. ते ग्राहक पुढे बरीच वर्षं आमच्याकडे राहिले.

तेव्हापासूनचा नियम : बाहेरून आलेला मजकूर पाय धुऊनच घरात येईल. दारात एनकेएफ, आत सगळं ईयूसी, जाताना पुन्हा ग्राहकाला हवं ते रूप. आणि छपाईला जाण्याआधी प्रत्येक पान दोघं तपासतील, एक अर्थ कळणारा आणि एक फक्त आकार बघणारा. आकार बघायचं काम पहिली सहा वर्षं माझ्या बायकोने केलं. पुढे तिला जपानी इतकं चांगलं यायला लागलं, की त्या कामासाठी दुसरं माणूस ठेवावं लागलं.

पुढचं भराभर सांगतो. १९९३मध्ये नेमॅक्सच्या जागी म्यूल आलं, एकाच फाइलीत अनेक भाषा घेणारं. त्याच्या आवृत्त्यांना गेंजी मोनोगातारी या जुन्या जपानी कादंबरीतल्या प्रकरणांची नावं होती, पहिली ‘किरित्सुबो’. सेन्सेईंना याचं फार अप्रूप. जागा बदलली, माणसं वाढली, सन ३/६० निवृत्त झालं. १९९७मध्ये म्यूल मूळ इमॅक्सच्या २०व्या आवृत्तीत सामील झालं आणि त्यात देवनागरीही होती. पुण्यात सी-डॅकच्या जिस्ट या भारतीय लिपी दाखवणाऱ्या कार्डावर मराठी चालताना मी सुट्टीत पाहिलं होतं, पण रोज बारा तास ज्या एडिटरपुढे बसतो त्यात ‘नमस्कार’ दिसणं वेगळं. सेन्सेईंना बोलावून दाखवलं. त्यांनी ‘स्का’वर बोट ठेवून विचारलं, हे दोन बाइटचं की तीनचं? मग तासभर आम्ही जोडाक्षरांवरच बोलत बसलो.

आता सगळं यूटीएफ-८ या सर्व भाषांच्या एकाच कोडिंगमध्ये आहे आणि नव्या मुलांना आठवं बिट सांगावं लागतं. तरी पहिल्या दिवशी प्रत्येकाला मी एक फाइल देतो : ह्योजि, किनोओ, योयाकु, सोफुतो, चार शब्द, चार ओळी. ईयूसी, जेआयएस आणि शिफ्ट-जेआयएस या जुन्या तिन्ही कोडिंगमधून फिरवून आणायची आणि कागदावर छापून मूळ पानाशेजारी ठेवायची.

गेल्या महिन्यात एका कारखान्यातल्या जुन्या मशीनमधून काढलेला मजकूर आला. चार महिन्यांपूर्वी लागलेली मुलगी, कोल्हापूरची, एक छापील पान घेऊन माझ्या टेबलापाशी आली. तिने लाल पेन्सिलीने एका कांजीभोवती गोल केला होता.

“सर, इथे मूळ मजकुरात ह्योजि असणार,” ती म्हणाली. “आपल्याकडे यायच्या आधीच कोणीतरी ५सी खाल्लाय. त्यांच्याकडून फाइल पुन्हा मागवू का?”

“मागव,” म्हटलं, “आणि किनोओने संपणाऱ्या ओळी मोजून ठेव.”

तिने मोजून आणल्या होत्या. एकोणीस.