ओट्याखाली सागवान, वर शिवण: किचनची शटरं, टप्पा पहिला

कपाटांचा सांगाडा १८ मिमी बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही न सुटणाऱ्या प्लायचाच (आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का बघून), त्यात वाद नाही. भरीव लाकूड फक्त शटरांना: २० मिमीची चौकट, आत १० मिमीचं पॅनेल. कोणतं लाकूड घ्यायचं, ते शेवटी एकाच गोष्टीवर ठरलं: पावसाळ्यात फुगून आणि उन्हाळ्यात आकसून ते किती हलतं.

हिशोब सोपा आहे. आडव्या चिरीची (वाढीची वलयं फळीच्या रुंदीला साधारण समांतर) सागवानाची फळी ओलावा १ टक्का बदलला की रुंदीत साधारण ०.१८ टक्के हलते. ३५० मिमी रुंद पॅनेल आणि वर्षभरात ४ टक्के फरक धरला तर अडीच मिमी. स्टीम बीचचा (वाफवलेल्या बीच लाकडाचा) आकडा ०.४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे तेच पॅनेल साडेपाच मिमी हलणार. बीच दिसायला गोड, रंध्याखाली लोण्यासारखं, पण गॅस आणि सिंकच्या मधे त्याचं भरीव पॅनेल बसवू नये. उभ्या चिरीची (वलयं रुंदीला काटकोनात) फळी मिळाली तर हालचाल जवळपास निम्मी होते. अशा फळ्या दिसल्या की पॅनेलसाठी बाजूला काढाव्यात.

शिवण हलण्याच्या बाबतीत सागवानाच्या जवळची, वजनाला हलकी, पीळ कमी घेते. मऊ असल्याने भांड्याचा कोपरा लागला की खळगा पडतो, म्हणून ती फक्त वरच्या शटरांना. बिजागऱ्यांवरचा भारही त्यामुळे कमी होतो. ओट्याखाली आणि ट्रॉलीच्या तोंडांना सागवान. आंब्याला किडा फार लवकर लागतो, ऐनाचं लाकूड वाळताना चिरतं, दोन्ही बाद. फणस बाद करताना वाईट वाटलं. लाकूड उत्तम, वाळवीला दाद न देणारं, पण पिवळा रंग उजेडाने तपकिरी होत जातो आणि दोन वर्षांनी एखादं शटर बदलावं लागलं तर ते वेगळंच दिसतं.

वखारीत बल्लारशाचं म्हणोत की घानाचं, आधी फळीचं टोक बघा. मधली मज्जा (खोडाच्या मध्यातला मऊ गाभा) असलेली फळी नको, ती हमखास फाटते. कडेचं पांढरं लाकूड कापून टाकायचंच, कारण किडा तिथूनच सुरू होतो. नुकतं रंधलेलं सागवान हिरवट, पट्ट्यापट्ट्यांचं दिसतं. चार-आठ दिवस उजेडात ठेवलं की रंग एकसारखा होतो. शटरांच्या जोड्या त्यानंतरच लावायच्या.

ओलावा मीटरवर दिसला तरी एकदा तोलून खात्री करा. फळीच्या टोकापासून ३० सेंमी आत २५ मिमीचा तुकडा कापून लगेच वजन करा, १०३ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवा. घटलेलं वजन भागिले कोरडं वजन गुणिले १००. पुण्याकडे १० टक्क्यांच्या आसपास, कोकणात १२ आलं तर कामाला घ्यावं. टोकाचाच तुकडा घेतला तर आकडा खोटा कमी येतो, कारण टोकं आधी वाळतात.

४५० × ७०० मिमीच्या एका शटराला रंधण्याआधीच्या मापाने चौकटीसाठी ०.१४ आणि पॅनेलसाठी ०.१३ घनफूट लाकूड लागतं. गाठी, पांढरं आणि करवतीची तूट धरून ०.३६. दहा शटरांना साडेतीन-पावणेचार घनफूट घ्या.

चौकटीची पट्टी ६० मिमीची, आणि याला कारण बिजागरी आहे. ३५ मिमीचा कप कडेपासून ५ मिमी सोडून बसतो, म्हणजे ४० मिमीपर्यंत पोचतो, आणि खोली १२ मिमी. पॅनेलची खाच १० मिमी खोल. ५० मिमीची पट्टी घेतली तर कप थेट खाचेला भिडतो आणि काही महिन्यांत बिजागरी लाकडासकट उखडते. साठमध्ये मधे १० मिमी भरीव लाकूड राहतं.

कुसू (आडव्या पट्टीच्या टोकाची, उभ्या पट्टीत शिरणारी जीभ) २५ मिमी लांब, ६ मिमी जाड. सागवानात तेल असल्याने सांधा ताज्या रंध्यानंतर अॅसिटोनने पुसून त्याच दिवशी चिकटवायचा. पॅनेलला गोंदाचा थेंबही लागू देऊ नका. बाजूंना २ मिमी मोकळीक हवी, उन्हाळ्यात जोडत असाल तर ३. पॅनेलचं पॉलिश जोडण्याआधी चारही कडांसह पूर्ण करा, नाहीतर ते आकसलं की कडेला फिकट, बिनपॉलिशची रेघ उघडी पडते. सिंकजवळ लोखंडी स्क्रू नको. ओल लागली की सागवानात काळा डाग उतरतो. स्टेनलेस किंवा पितळी वापरा.

सध्या फळ्यांची थप्पी लागली आहे: दर ४५ सेंमीवर २० मिमीच्या पट्ट्या, एकाखाली एक सरळ रेषेत, टोकांना ऑइल पेंट, वर वजन, पंख्याचा झोत थेट नाही. मधली एक फळी दर आठवड्याला तोलायची. लागोपाठ दोन वजनं सारखी आली की चौकटीच्या पट्ट्या कापायला घेणार.