सोबत कोण आलं?

महिन्यातल्या दोन मंगळवारी आमच्या ग्रामीण रुग्णालयात जिल्ह्याहून मानसिक आजारांचं पथक येतं. त्या दिवशी नोंदवही माझ्याकडे. तालुका यवतमाळ जिल्ह्यातला. यापेक्षा जास्त सांगत नाही, कारण इकडे 'अमक्याची सून' एवढ्यावर बाई ओळखू येते.

रकाने ठरलेले आहेत: नाव, वय, स्त्री की पुरुष, गाव, निदान, औषध. चारेक वर्षांपूर्वी मी समासात पेन्सिलीनं आणखी एक गोष्ट लिहायला लागले, सोबत कोण आलं. वरून कोणी मागत नाही. पण महिनाअखेरी आकडे काढताना मी आधी समासच वाचते.

सासूसोबत सून असली की समजायचं, आधी देवधर्म, उतारे सगळं करून झालेलं आहे. बाई भावासोबत असली तर नवऱ्यानं माहेरी आणून सोडलेली. फिटवाले पेशंटही याच दिवशी येतात. पोरीसोबत बाप असतो आणि त्याचा पहिला प्रश्न गोळीचा नसतोच: "लग्न जमन ना मॅडम हिचं?"

एकटी येते ती पन्नाशीपुढची बाई. मंगळवार आमचा बाजाराचाही वार. पिशवीत वांगी, सांभाराची जुडी. आधी ती नेहमीच्या ओपीडीत जाऊन "अंग दुखते, झोप नाही लागत" सांगते, तिथून कोणीतरी माझ्याकडे पाठवतं. मार्च २०२३ मध्ये एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून अशा एकट्या बाया वाढल्या असं माझी पेन्सिल म्हणते. पेन्सिलीचं काय, पुसताही येते.

आमच्याच तालुक्यातल्या लग्नाच्या वयाच्या मुली मात्र नाहीतच म्हणा. त्या मामाच्या गावाला जाऊन तिकडच्या तालुक्यात दाखवतात, आणि तिकडच्या आमच्याकडे येतात. गावाच्या रकान्यावरून हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

आणि तिशी-चाळिशीतला शेतकरी? विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत २०१५ साली शेतकऱ्यांच्या समुपदेशनाचा सरकारी प्रेरणा प्रकल्प सुरू झाला तो त्याच्यासाठीच. तो दारू सोडवायला आणलेला असतो, नाहीतर फवारणीचं औषध पिऊन वाचल्यावर. आपल्या पायानं येणारा विरळाच. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांमध्ये 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला होता. त्यात गावपातळीवरचे कार्यकर्तेच लोकांपर्यंत जायचे. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणारे दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. मला त्यात नवल वाटलं नाही. दारात कोणी आलं की 'तू कायले गेलता तिकडं?' हा प्रश्नच उरत नाही.

मागच्या कापूस वेचणीच्या दिवसांतली गोष्ट. एक बाई खिडकीशी आली. नवरा बाहेर लिंबाखाली गाडीवर बसलेला, चावी तशीच लावलेली.

"कोणाच्या नावानं काढू?"

"माह्या."

"काय होते तुम्हाला?"

तिनं मागं वळून पाहिलं. "मले काही नाही होत. थो दोन हप्त्यापासून जेवत नाही, रातभर बांधावर जाऊन बसते. माह्या नावाचा कागद असन तं माह्यासंगं आत येईन. त्याच्या नावानं काढला तं गाडी चालू करन."

मी लिहिलं: स्त्री, ३४. समासात: नवरा.

दोघं आत गेले. अर्ध्या तासानं डॉक्टरांनी त्याच्या नावाचा दुसरा केस पेपर मागवला, कारण गोळ्या बाईच्या नावावर देता येत नाहीत. त्या महिन्याच्या रिपोर्टात एक स्त्री आणि एक पुरुष, असे दोन पेशंट गेले. मी दुरुस्ती सुचवली नाही.

पुढच्या खेपेला ती एकटीच आली, त्याच्या गोळ्या न्यायला. म्हणाली, थो आता जेवते, पण चार दिवस तूर पहायला गेलो म्हणते आणि गोळी चुकवते. वहीत त्याचं नाव लिहिलं, पुरुष, ३९. समासात लिहिलं: बायको आली, पेशंट नाही.