नंबर चुकवला की बटन दिसतं

सपोर्टकडून आलेल्या तिकिटात, म्हणजे आमची साइट वापरणाऱ्या एका बाईच्या तक्रारीत, एवढंच होतं: "मोबाइल नंबर चुकीचा टाकला की 'अर्ज पाठवा' हे बटन दिसतं. नंबर बरोबर केला की बटन जातं. आता काय करू?"

असं काही वाचलं की पहिला संशय जातो तो फॉर्मच्या तपासणीवर. कुणीतरी अट उलटी लिहिली असणार, चूक असेल तर दाखव आणि बरोबर असेल तर लपव. मी कोड उघडला. अट सरळ होती. इतकंच नाही, त्या बटनाला दाखवणारी-लपवणारी एकही ओळ सापडली नाही. बटन कायम पानाच्या तळाशी होतं, त्याला कुणी हात लावत नव्हतं.

अर्जाची मुदत त्याच रात्री संपत होती. दुपारपर्यंत आणखी तिकिटं आली. "बटन हाताला लागत नाही." "पान खाली नेलं की आपोआप वर येतं." एकाने नुसतंच "पान उड्या मारतंय" असं लिहिलं होतं. आमच्याकडे मात्र सगळं शांत. माझ्या मोठ्या मॉनिटरवर पूर्ण फॉर्म एका नजरेत मावत होता, स्क्रोल करायचा प्रश्नच नाही. मोबाइलवर पान लांबलचक, तिथेही बटन व्यवस्थित सापडत होतं. टेस्टर म्हणाली, "माझ्याकडे तिन्ही ब्राउझरांत चालतंय, मी बंद करू का तिकीट?" मी म्हटलं, "थांब, पहिली तक्रार करणाऱ्या बाईला व्हिडिओ पाठवायला सांगू."

व्हिडिओ आला. लॅपटॉपच्या पडद्यासमोर मोबाइल धरून काढलेला, थोडा हललेला, पण त्यात सगळं होतं. बाई माउसचं चाक खाली फिरवते, तळाचं बटन डोळ्यांची पापणी लवते न लवते तोवर चमकतं आणि पान झटक्यात मागे येतं. पुन्हा चाक, पुन्हा चमक, पुन्हा मागे. मी त्या बटनाकडेच बघत होतो. टेस्टर म्हणाली, "खाली काय बघतोयस, वर बघ." वर हेडर, म्हणजे पानाच्या माथ्यावरची पट्टी, दर वेळी आकसत होता आणि फुगत होता.

आमचा हेडर पानाच्या माथ्याला चिकटलेला, म्हणजे स्टिकी. पान वर असताना त्याची उंची १२० पिक्सेल, मोठा लोगो आणि खाली मेनूची ओळ. वाचणारा ८० पिक्सेलपेक्षा जास्त खाली सरकला की मेनूची ओळ लपवायची आणि हेडर ६४ पिक्सेलचा करायचा. परत ८० वर किंवा त्याच्या आत आला की मेनू दाखवायचा. जावास्क्रिप्टच्या चार ओळी. असा हेडर जगात लाखो पानांवर असेल, आणि त्यातल्या बहुतेकांचं काही बिघडत नाही.

आता बाईच्या खिडकीत काय होत होतं ते बघा. तिच्या स्क्रीनशॉटवरून खिडकीची उंची काढली आणि माझ्या ब्राउझरची खिडकी तेवढीच करून घेतली. त्या उंचीला फॉर्म खिडकीपेक्षा ११० पिक्सेलने जास्त लांब होता. म्हणजे पान जास्तीत जास्त ११० पर्यंत सरकू शकतं. ती खाली येते, ८० ओलांडते, हेडर आकसतो. आकसला म्हणजे ५६ पिक्सेल कमी झाला, आणि स्टिकी हेडर पानाच्या प्रवाहातच जागा धरून असल्यामुळे अख्खं पानही ५६ पिक्सेलने आखूड झालं. आता पान फक्त ५४ पर्यंतच सरकू शकतं. ब्राउझरकडे पर्याय नाही, अस्तित्वात नसलेल्या जागेवर तो कुणाला उभं करू शकत नाही, म्हणून तो तिला ओढून ५४ वर आणतो. हेही एक स्क्रोलच, त्याचाही इव्हेंट, म्हणजे असं घडलं ही ब्राउझरची सूचना, आमच्या कोडला येतो. आमचा कोड विचारतो, कुठे आहे? ५४. म्हणजे ८० च्या आत. चला, मेनू दाखवा. हेडर पुन्हा १२० चा होतो, पान पुन्हा लांब होतं, आणि तळाचे ५६ पिक्सेल खिडकीच्या खाली जातात. बटनाची उंची ४०, त्याखालची मोकळी जागा १२. बटन त्या ५६ मध्ये पूर्ण बुडालेलं.

उंची बदलायला ॲनिमेशनही लावलेलं नव्हतं, त्यामुळे हे सगळं एक-दोन फ्रेममध्ये उरकत होतं. फ्रेम म्हणजे पडद्यावरचं चित्र एकदा रंगवणं, आणि साठ हर्ट्‌झच्या पडद्यावर एक फ्रेम म्हणजे सुमारे १६.७ मिलिसेकंद. बाईला बटन दिसत होतं ते तेवढ्याच वेळापुरतं.

आणि मोबाइल नंबर? नंबर चुकला की रकान्याखाली लाल अक्षरांत एक ओळ येते. तिची उंची २८ पिक्सेल. पान ११० ऐवजी १३८ ने लांब होतं. मग हेडर आकसला तरी ८२ पर्यंत सरकायला जागा उरते, ८२ हे ८० पेक्षा जास्त, हेडर आकसलेलाच राहतो, बटन ठाम दिसतं. पण दाबून उपयोग नाही, कारण नंबर चुकीचा. तो सुधारला की लाल ओळ जाते, पान आखूड होतं, हेडर फुगतो, बटन बुडतं. तक्रारीतलं अक्षर न् अक्षर खरं होतं. फॉर्म बिनचूक भरणाऱ्याचीच वाट अडवणारा बग मी त्याआधी पाहिला नव्हता.

मी खिडकीची उंची एकेक पिक्सेलने बदलत गेलो. मोठ्या हेडरसह पान किती सरकू शकतं तो आकडा ८१ झाला की थरथर सुरू, १३६ पर्यंत चालू, १३७ ला बंद. ८१ ते १३६ म्हणजे बरोबर ५६ उंच्या, हेडर जेवढा आकसतो तेवढ्याच. खिडकी या पट्ट्यात सापडली तर अडकलात, एक पिक्सेल अलीकडे-पलीकडे असलात तर कळतही नाही. मधल्या आकाराचे लॅपटॉप, बुकमार्कची पट्टी चालू, झूम थोडा वाढवलेला, एवढं जुळलं की माणूस पट्ट्यात. टेस्टरच्या यादीत पडद्यांच्या रुंद्या होत्या, उंचीचा विचार फारसा कुणी करत नाही.

एक गोष्ट अजून खटकत होती. क्रोममध्ये स्क्रोल अँकरिंग असतं. वरच्या भागाची उंची बदलली तरी वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोरचा मजकूर हलू नये म्हणून ब्राउझर स्वतःच स्क्रोलची जागा तेवढीच पुढे-मागे करतो. २०१७ साली क्रोम ५६ मध्ये ते आलं. ते चालू असतं तर आमचा हेडर प्रत्येक लांब पानावर थरथरायला हवा होता: ८५ वर आलात, हेडर आकसला, ब्राउझरने जागा २९ केली, हेडर फुगला, ब्राउझरने पुन्हा ८५ केली, आणि चाकाला हातही न लावता हे चालूच. तसं होत नव्हतं. शोधलं तर सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, अँकरिंगचा 'ओव्हरफ्लो-अँकर' हा गुण 'नन' म्हणजे बंद केलेला सापडला, शेजारी टीप: हेडरची थरथर थांबवण्यासाठी. म्हणजे हा आजार आधीच कुणाला तरी दिसला होता. त्याने अँकरिंग बंद केलं, मोठी थरथर थांबली, छोट्या पट्ट्यातली आत राहिली. मला त्या माणसाचा राग आला नाही. समोर हलणारं पान हलायचं थांबलं की काम झालं असं कुणालाही वाटेल.

वेळ थोडा होता. सपोर्टला सांगितलं की फोन आला तर कंट्रोल दाबून उणे चिन्ह दाबायला सांगा, झूम कमी केला की पान खिडकीत मावतं. तेवढ्यावर संध्याकाळपर्यंत बऱ्याच लोकांचे अर्ज गेले.

दरम्यान आमच्या खोलीत उपायांवर वाद. एक सहकारी म्हणाला, "अरे स्क्रोल इव्हेंट ऐकतोच कशाला? इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर लाव." ही सूचना एरवी चांगलीच. स्क्रोल इव्हेंट जवळजवळ दर फ्रेमला येतो, त्यात आपण उंच्या मोजायला आणि घटकांचं रूप बदलायला लागलो की ब्राउझरला पुन्हापुन्हा मांडणी करावी लागते. ऑब्झर्व्हर मात्र एखादी खूण खिडकीत आली किंवा गेली तेव्हाच कळवतो. २०१६ मध्ये तो क्रोममध्ये आला, २०१९ मध्ये सफारीतही. मी पानाच्या माथ्यापासून ८० पिक्सेलवर एक अदृश्य खूण ठेवून पाहिली. थरथर तशीच. होणारच होती. ब्राउझर माणसाला ५४ वर ओढतो तेव्हा खूण परत खिडकीत येते आणि ऑब्झर्व्हर इमानदारीने कळवतो. दाखवायचं की लपवायचं हे ज्या आकड्यावरून ठरतं, तो आकडा दाखवण्या-लपवण्यानेच बदलत असेल, तर आकडा कोणत्या औजाराने वाचला याने काही फरक पडत नाही. दुसरा म्हणाला, इव्हेंटला थोडा उशीर लावू. त्याने थरथर संथ झाली असती एवढंच.

त्या संध्याकाळी आम्ही साइटवर चढवला तो उपाय इस्त्रीच्या थर्मोस्टॅटचा. इस्त्री एका तापमानाला बंद होते आणि त्याहून बरीच थंड झाल्यावर चालू होते. दोन्हींना एकच आकडा ठेवला तर ती टिकटिकतच राहील. हेडर ८० च्या पुढे आकसेल, पण फुगेल तो २० च्या आत आल्यावरच. मधलं अंतर ६०, हेडरच्या ५६ पेक्षा जास्त. बाईच्या खिडकीत ब्राउझर तिला ५४ वर ओढेल, ५४ अजून २० च्या पुढेच, हेडर गप्प राहील. अंतर ५० ठेवलं असतं तर पट्टा नाहीसा न होता फक्त अरुंद झाला असता. हा हिशेब मी कोडमध्ये टीप म्हणून लिहिला, कारण पुढे डिझायनर हेडरची उंची बदलेल आणि आकडे कुणालाच आठवणार नाहीत.

चढवल्यावर सपोर्टने बाईंना फोन केला. अर्ज गेला.

खरी दुरुस्ती नंतर सावकाश केली. हेडरभोवती १२० पिक्सेल उंचीचं एक वेष्टन ठेवलं, ते कधीच बदलत नाही. आतला हेडर सीएसएसच्या ट्रान्सफॉर्मने, म्हणजे घटक फक्त दिसायला हलवणाऱ्या गुणाने, वर सरकतो, मेनूची ओळ खिडकीबाहेर जाते, पण पानाची लांबी तेवढीच राहते. ट्रान्सफॉर्म मांडणीला हात लावत नाही, त्यामुळे चक्र सुरूच होऊ शकत नाही. अँकरिंग बंद करणारी ती ओळही काढून टाकता आली.

मला वाटलं संपलं. टेस्टरने माउस बाजूला ठेवला आणि शिफ्ट-टॅब दाबत फॉर्मच्या तळापासून वर निघाली. शेवटी फोकस, म्हणजे कीबोर्ड आत्ता कुठल्या घटकावर आहे ती खूण, गायब. मेनूच्या लिंका खिडकीबाहेर सरकल्या होत्या, पण टॅबच्या रांगेत जिवंत होत्या, आणि फोकस न दिसणाऱ्या लिंकांवर फिरत होता. लपवण्याच्या प्रत्येक रीतीची तऱ्हा वेगळी. 'डिस्प्ले नन' केलं की घटक मांडणीतूनही जातो आणि अंधांना पान वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरच्या दृष्टीनेही नसतो. 'व्हिजिबिलिटी हिडन' जागा राखतं, पण फोकस घेऊ देत नाही. अपारदर्शकता शून्य केली किंवा नुसतं बाजूला सरकवलं तर घटक डोळ्यांपुरताच जातो, कीबोर्डला आणि स्क्रीन रीडरला तो तिथेच असतो. आमच्या बाबतीत लिंका मारून टाकणं बरोबर नव्हतं, कीबोर्डवाल्यालाही मेनू हवाच. म्हणून हेडरच्या आत फोकस शिरला की तो खाली यावा असं सीएसएसमध्येच लिहिलं, 'फोकस-विदिन' वापरून. त्याच फेरीत टेस्टरने आणखी एक दाखवलं: उलट टॅब करताना काही रकाने हेडरच्या मागे दडत होते. त्याला 'स्क्रोल-पॅडिंग-टॉप' पुरलं, म्हणजे स्क्रोल करताना वर हेडरपुरती जागा सोड असं ब्राउझरला सांगणं. फोकस असलेला घटक असा चिकटलेल्या पट्टीखाली पूर्ण झाकला जाऊ नये हा डब्ल्यूसीएजी २.२ या वेबसाठीच्या सुगम्यता नियमावलीमधला निकषच आहे, २.४.११, ऑक्टोबर २०२३ पासून. तो मला माहीत होता. तो मोडताना कसा दिसतो ते तिने दाखवलं.

डिझायनरशी मग निवांत बोलणं झालं. मी विचारलं, मुळात ही मेनूची ओळ फॉर्मच्या पानावर लागते कशाला? अर्ज भरणारा माणूस मधेच 'आमच्याविषयी' वाचायला जात नाही. त्याचं म्हणणं, ग्राहकाला सगळ्या पानांवर सारखा हेडर हवा. मला ते अजून पटलेलं नाही, पण हेडर सारखाच राहिला.

टेस्टच्या संचात मात्र भर पडली. फॉर्मचं पान उघडायचं, खिडकीची उंची एकेक पिक्सेलने कमी करत जायची, प्रत्येक उंचीला तळापर्यंत स्क्रोल करून शेवटचं बटन दाबता येतं का बघायचं. ही टेस्ट फार हळू चालते, त्यामुळे ती दर बदलाला लावत नाही, फक्त रात्रीच्या फेरीत ठेवली आहे. ती लिहिली टेस्टरनेच, आणि तिला नाव दिलंय 'चुकीचा नंबर'.