रुळाला गंज चढवताना

छोट्या आगगाडीच्या छंदात इंजीन पैसे खातं आणि रूळ वेळ. कोथरूडला भाऊ जोशींच्या मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये पोरं गाडीमागे माना फिरवत असतात, तेव्हा मी रुळाच्या कडेला काय काय लावलंय ते निरखत उभा असतो.

माझं माप एचओ, म्हणजे १:८७, खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या भागाइतकं. या मापाचा तयार रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचा मिळतो. तो १४३५ मिलिमीटरच्या परदेशी गेजचा, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचा, हिशेब. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, त्याला ८७ नं भागलं तर १९ च्या वर जातं. म्हणजे पावणेतीन मिलिमीटरची लबाडी पहिल्या दिवसापासूनच. गंमत अशी की, घरी येणाऱ्या एकाही पाहुण्यानं ती आजवर पकडलेली नाही. पण रुळाची बाजू चकचकीत राहू द्या, शाळकरी पोरगंसुद्धा म्हणतं, "हॅ, खेळण्यातली आहे!" डोळा मापाला फसतो, मळाला फसत नाही.

म्हणून नवाकोरा रूळ आणायचा आणि तो मळवायला बसायचं. आईला हे बिलकूल पटत नाही. "चांगला आणलास, आणि त्याला गंज कसला फासतोस रे?" गंज फक्त बाजूंना. माथा चाकांनी घासून लख्ख हवा. तिथे रंग राहिला तर चाकांना वीजच मिळत नाही. स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, धुरकट राखाडी. आणि फलाटाच्या टोकाला, इंजीन थांबतं तिथे, मधोमध तेलाचा काळा पट्टा. हा पट्टा ओढला की एकदम स्टेशन आल्यासारखं वाटतं, फलाट अजून पुठ्ठ्याचा असला तरी.

खडीचं प्रकरण वेगळं. आपल्या रुळांखाली काळा बसाल्ट, खडा साधारण ५० मिलिमीटरचा. ८७ नं भागा, अर्ध्या मिलिमीटरहून जरा मोठा. तेव्हा बांधकामावरची कच मागून आणायची (पुण्यात बांधकाम शोधायला लांब जावं लागत नाही), तुळशीबागेतल्या बारीक गाळणीनं चाळायची, धुऊन वाळवायची. मग तिच्यावरून लोहचुंबक फिरवायचा. बसाल्टमध्ये मॅग्नेटाइटचे कण असतात. ते मोटरीतल्या चुंबकाला जाऊन चिकटले की सगळा सह्याद्री इंजिनात शिरला म्हणून समजा.

खडी मऊ ब्रशनं स्लीपरांच्या मधे बसवायची, वर एकही कण नको. पाण्याचा फवारा मारायचा आणि मग निम्मं फेविकॉल, निम्मं पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब असं मिश्रण ड्रॉपरनं सोडायचं. लिक्विड विसरलं तर गोंदाचा टपोरा गोळा होतो आणि खडीला घेऊन घरंगळतो. ते असलं की मुकाट्यानं खाली मुरतो. सांध्यापाशी, म्हणजे गाडी रूळ बदलते तिथे, मात्र हात आखडता. एक कण चुकीच्या जागी चिकटला की पाती हलत नाहीत.

मी पुणे-मिरज रेल्वेमार्गावरच्या शिंदवणे घाटाचा मे महिना करतोय. पावसाळा करणं सोपं, हिरवं ओतलं की झालं. उन्हाळ्यातलं गवत म्हणजे पिवळं, पांढुरकं, मधेच जळकं. त्याला नारळाच्या काथ्यासारखी वस्तू नाही. बारीक कातरून, चिमटीनं, तिरकं लावायचं.

आता फाटक झालंय, त्यामुळे 'सी/फा' लिहिलेला पिवळा फलक आला. सीटी द्या, फाटक आहे, अशी ती चालकाला सूचना. नियमाप्रमाणे तो फाटकाच्या ६०० मीटर आधी हवा. माझ्या मापानं जवळजवळ सात मीटर, म्हणजे थेट शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरात. मी तो वीतभर अंतरावर रोवलाय. शिट्टीवालं इंजीन खिशाला परवडेपर्यंत, गाडी तिथे आली की शिट्टी मीच तोंडानं मारतो.