उरला जाऊन आलो: माती सोडून सगळं बाहेरून आणणारं गाव

उर म्हणजे दक्षिण इराकमधलं प्राचीन शहर, आता नुसते अवशेष. आधी माझी चूक सांगतो म्हणजे तुमची वाचेल. दुबईहून बसऱ्याचं तिकीट स्वस्त पडलं म्हणून मी बसरा, नासिरिया, उर, नजफ आणि शेवटी बगदाद असा रूट धरला. तुम्ही उलटं करा. आधी बगदादचं इराक म्युझियम, मग खाली दक्षिणेकडे. कारण उरला प्रत्यक्षात दिसते ती फक्त वीट, आणि वीट संपली की आणखी वीट. सोनं, लाजवर्द (निळा दगड, लॅपिस लाझुली), अकीक (तांबडा खडा) यातला एक मणीसुद्धा तिथे नाही, ते सगळं बगदाद, लंडन आणि फिलाडेल्फियात वाटलं गेलंय. ते डोळ्यात भरून मग तिथल्या थडग्यांच्या खड्ड्याच्या काठावर उभं राहिलं तर मजा, नाहीतर आमच्या गावाकडे विहीर खणायला घेतली की दिसतो तसाच खड्डा.

मी का गेलो तर आमचं घर सराफांचं. मी स्वतः आयटीत पण लहानपण दुकानात गेलं, तराजू, कसोटीचा दगड, उधारीची वही हे सगळं बघत. त्यामुळे चार हजार वर्षांपूर्वीच्या एका तांब्याच्या व्यापाऱ्याला गिऱ्हाइकाने चिडून लिहिलेलं पत्र सापडलंय हे वाचलं तेव्हाच ठरवलं की या माणसाचं घर बघायचं. बायको म्हणाली लोक मालदीवला जातात. असो.

जायचं कसं. व्हिसाचे नियम तिथे बदलत राहतात, त्यामुळे तिकीट काढायच्या आधी तपासा, मित्राला एअरपोर्टवर मिळाला होता वगैरे ऐकून निघू नका. बसऱ्याहून नासिरिया दोनेकशे किलोमीटर, बगदादहून साडेतीनशेच्या वर. दोन्हीकडून शेअर टॅक्सी मिळते, स्टँडला ते गराज म्हणतात, गाडी भरली की सुटते, आपल्या वडापसारखंच पण सीट जरा बरी. पासपोर्ट बॅगेत खाली कोंबू नका, वाटेत चेकपोस्ट लागत राहतात, त्याला सैतरा म्हणतात, माझा पासपोर्ट सहा वेळा बघितला आणि दोनदा शाहरुखबद्दल विचारलं. नासिरियातून साइट पंधराएक किलोमीटरवर, तिथे मात्र पूर्ण टॅक्सी करा आणि जाऊन-येऊन थांबण्यासकट भाडं ठरवा. मी फक्त जायचं ठरवलं होतं, परत येताना दुप्पट मोजले, कारण तिथे रस्त्यावर दुसरी गाडीच नाही आणि हे त्या ड्रायव्हरला माझ्याआधी माहीत होतं. परदेशी माणसाला तिकीट २५,००० दिनार पडलं, म्हणजे सोळाशे रुपयांच्या आसपास, रोख. कार्डाच्या भरवशावर राहू नका. शेजारीच लष्कराचा विमानतळ आहे, त्या बाजूला कॅमेरा फिरवू नका.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस. जुलैमध्ये पारा ५० ला जातो आणि साइटवर सावली नावाची गोष्ट नाही. मी नोव्हेंबरात गेलो तरी अकरा वाजता टोपीखालून घाम. दोन लिटर पाणी माणशी घ्या.

झिगुरातबद्दल (विटांचा टप्प्याटप्प्यांचा देवळाचा मनोरा) फार लिहीत नाही, फोटो सगळ्यांनी बघितलेत. इ.स.पूर्व २१०० च्या आसपास उर-नम्मू राजाने चंद्रदेव नन्नासाठी बांधायला घेतलं, मुलगा शुल्गीने पुरं केलं, पुढे दीडेक हजार वर्षांनी बॅबिलोनच्या नबोनिडसने डागडुजी केली, आणि आता आपण ज्या गुळगुळीत जिन्याने चढतो तो १९८० च्या दशकातला, सद्दामच्या काळातला. १९९१ च्या युद्धातल्या गोळ्यांच्या खुणापण भिंतीत दिसतात. पण एक करा, बाजूने फिरताना विटांच्या सांध्यांकडे वाकून बघा. मधे काळं चकचकीत काहीतरी दिसतं. ते डांबर. चार हजार वर्षांचं. ड्रायव्हरने नखाने टोकरून दाखवलं (तुम्ही करू नका, मी त्याला ओरडलोच).

आणि इथेच खरी गोम आहे. माती, बोरू, खजूर, मेंढ्या आणि थोडं वर जाऊन डांबर, या मुलखाकडे स्वतःचं एवढंच. दगड नाही, धातू नाही, धड बांधकामाचं लाकूड नाही. आणि अशा गावातल्या स्मशानात लिओनार्ड वूली या ब्रिटिश पुरातत्त्व संशोधकाला काय सापडलं तर इ.स.पूर्व २६०० ते २४५० च्या दरम्यानच्या थडग्यांत सोन्याचं शिरस्त्राण, चांदीची छोटी नाव, लाजवर्दाच्या दाढ्या लावलेली बैलांची डोकी. १९२२ ते १९३४ अशी बारा वर्षं तो खणत होता, १८०० च्या वर थडगी, त्यातली सोळा त्याने राजघराण्यातली ठरवली. एका खड्ड्यात ७४ माणसं ओळीने, त्यातल्या ६८ बायका, बहुतेक जणी नटूनथटून मेलेल्या. एकीची केसांना बांधायची चांदीची पट्टी डोक्यावर नव्हतीच, कमरेपाशी गुंडाळी करून ठेवलेली सापडली. घाईत बांधायची राहिली असेल असं वूलीला वाटलं. मला त्या सगळ्या सोन्यापेक्षा ही गुंडाळी जास्त लक्षात राहिली.

आता माल कुठून यायचा ते बघा. लाजवर्द अफगाणिस्तानातल्या बदख्शानमधून, कोकचा नदीच्या खोऱ्यातल्या सर-ए-संगच्या खाणीतून. सरळ रेषेत मोजलं तरी दोन हजार किलोमीटरच्या वर, आणि सरळ रेषेत कोण जातंय, मधे डोंगर आणि अख्खं इराणचं पठार. तांबं मगानचं, म्हणजे आजच्या ओमानकडचं. ते दिल्मुनमार्गे, म्हणजे बहारीनमार्गे यायचं. आणि तांबडा अकीक, ज्याला पुस्तकांत कार्नेलियन म्हणतात, तो मेलुहाचा. मेलुहा म्हणजे सिंधू संस्कृतीचा आपला मुलूख हे आता बहुतेक अभ्यासक मानतात. अक्कड या तिथल्याच राज्याचा राजा सारगॉन तर फुशारकी मारतो की मेलुहा, मगान आणि दिल्मुनची गलबतं माझ्या धक्क्याला लागतात. मेलुहाच्या भाषेच्या एका दुभाष्याचा शिक्कासुद्धा मिळालाय, शू-इलिशू नाव त्याचं, शिक्का पॅरिसला लूव्रमध्ये आहे. म्हणजे आमची भाषा तिथे कुणाला कळत नव्हती आणि तरी धंदा चालू होता, गराजमध्ये माझं झालं तसंच.

बगदादला म्युझियममध्ये अकिकाच्या मण्यांसमोर मी अर्धा तास उभा होतो. काही मणी लांबुळके, मधे जरा फुगीर, बोटाच्या दोन पेरांएवढे, आणि एवढ्या लांबीत आरपार भोक. दागिन्यातलं थोडं कळत असेल तर पोटात गोळा येतो हे बघून. अकीक पोलादापेक्षा कडक, आणि त्या काळच्या दगडी सुईच्या ड्रिलने तासाला दोन-अडीच मिलीमीटर भोक पडायचं असं प्रयोग करून बघणाऱ्यांनी काढलंय. मधेच तडकला की आठवडा गेला. आणि तो लाल रंग, तोही बराचसा भाजून आणलेला, गुजरातेतल्या खंबायतचे कारागीर अजून मडक्यात दगड भाजतात तसाच. काही मण्यांवर पांढरी नक्षी असते, ती रंगवलेली नाही, खाराचा लेप लावून भाजून काढलेली. असे मणी सिंधू संस्कृतीतल्या चन्हुदडो, धोळावीरासारख्या ठिकाणी घडले आणि तिकडे उरला राणीच्या अंगावर गेले. उरच्या त्या थडग्यांत सापडलेल्या पुआबी राणीचा मण्यांचा झगा फिलाडेल्फियाच्या पेन म्युझियममध्ये आहे, सोनं, लाजवर्द, अकीक असा सगळा. अमेरिकेत तिकडच्या बाजूला राहणाऱ्यांनी न्यूयॉर्कहून दिवसभरात जाऊन यावं, इराकचा व्हिसा लागत नाही.

बगदादच्या म्युझियमला निदान तीन तास द्या. २००३ च्या एप्रिलमध्ये लुटीत पंधरा हजारांच्या आसपास वस्तू गेल्या, पण उरचं बरंचसं सोनं आधीच सेंट्रल बँकेच्या तिजोरीत ठेवलं होतं म्हणून वाचलं, तिजोरीत पाणी शिरलं होतं तरी. सोनेरी बैलाच्या डोक्याच्या वीणेचं लाकूड मात्र मोडलं.

परत उरला येऊ. बहुतेक ग्रुप झिगुरात चढतात, सेल्फी काढतात, अब्राहमचं (ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान तिघेही ज्याला मूळपुरुष मानतात तो) घर म्हणून उभारलेल्या नव्या विटांच्या घरात डोकावतात (२०२१ च्या मार्चमध्ये पोप फ्रान्सिस इथे येऊन गेले तेव्हापासून त्याला भाव आलाय) आणि पाऊण तासात गाडीत. तुम्ही ड्रायव्हरला चहा प्यायला पाठवा आणि त्या घराच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत शिरा. वूलीने त्यांना इंग्लंडमधल्या रस्त्यांसारखी नावं दिली होती. घरांचे गुडघाभर, कुठे छातीभर पाये आणि भिंती उभ्या आहेत, बोळ इतके अरुंद की समोरून लादलेलं गाढव आलं तर तुम्हाला कुणाच्यातरी दारात शिरावं लागेल. वूलीच्या नकाशाची प्रत मोबाइलमध्ये घेऊन ठेवा, नेट तिथे अधूनमधून जातं. त्यात १, ओल्ड स्ट्रीट असं घर दिसेल. तिथे राहायचा एआ-नासिर.

इ.स.पूर्व १७५० च्या आसपासची गोष्ट. हा दिल्मुनला जाऊन तांबं आणणाऱ्यांपैकी. नन्नी नावाच्या गिऱ्हाइकाने त्याला मातीच्या पाटीवर लिहिलंय, पाटी साडेअकरा सेंटिमीटर उंच, म्हणजे मोबाइलपेक्षा लहान, दोन्ही बाजू अक्षरांनी भरलेल्या, आता ब्रिटिश म्युझियममध्ये. मतलब असा की चांगल्या लगडी देतो म्हणालास आणि माझ्या माणसापुढे हलका माल टाकलास, वर घ्यायचा तर घे नाहीतर चालू लाग म्हणालास. शत्रूच्या मुलखातून माणसं पाठवली ती हात हलवत परत आली. एक मिना चांदी, म्हणजे अर्धा किलो, तुझी माझ्याकडे राहिली म्हणून एवढा तोरा, आणि मी तुझ्यावतीने राजवाड्यात पाचशे किलोच्या आसपास तांबं भरलं ते विसरलास. यापुढे माझ्या अंगणात एकेक लगड मी निवडून घेणार. दुसऱ्या गिऱ्हाइकांच्या तक्रारीही त्याच घरात सापडल्या.

लोक या पत्रावर जोक करतात, सगळ्यात जुनी कस्टमर कंप्लेंट वगैरे. मला दुकानात वाढल्यामुळे वेगळं दिसतं. एआ-नासिर नुसता लबाड असता तर कुणी त्याच्याकडे एवढी चांदी दिली नसती. एका हिशेबात एका फेरीचं तांबं सुमारे १८ टन भरतं, आणि ते दिल्मुनच्या वजनाने तोललंय, मग उरच्या वजनात बदलून लिहिलंय. दिल्मुनचं ते माप सिंधूकडच्या दगडी वजनांशी जुळतं. म्हणजे दोन गावचे दोन काटे, मधे समुद्र, पैसे पुरवणारे बरेच जण, कुणाची चांदी, कुणाचं कापड, कुणाचं तिळाचं तेल, आणि माल पुढे कधीतरी येणार. यात कुरबूर न होता फेरी पार पडली तरच नवल. आमच्या आजोबांच्या वहीत यापेक्षा तिखट शेरे आहेत.

फेरी सुखरूप आली की देवीचा वाटा वेगळा. नन्नाची बायको निन्गल, तिच्या देवळात तांबं, अकीक, हस्तिदंत, आणि माशाचे डोळे अशी नोंद असलेली एक चीज (बहुतेक मोती) वाहिल्याच्या याद्या आहेत. चांदीची छोटी नावसुद्धा वाहायचे. त्या देवळाचे पाये झिगुरातच्या जवळच आहेत. उरला तेव्हा दोन बंदरं होती, फरात (युफ्रेटिस) नदी गावाला लागून वाहायची. आज उत्तरेकडच्या टेकाडावर उभं राहिलं तर समोर नुसती खारट पांढरी जमीन, आणि नदी पार नासिरियात. बंदराची जागा म्हणून बघायला काही नाही पण पाच मिनिटं उभे राहा.

खाण्याचं. शाकाहारींनी घाबरू नये, मसूरची शोरबा, फलाफल, समून नावाचा होडीच्या आकाराचा पाव. फलाफलवर पिवळी आंबट चटणी ओततात, तिचं नाव विचारा. अंबा! कैरीचंच लोणचं, बगदादी ज्यू व्यापाऱ्यांच्या मुंबईशी असलेल्या धंद्यातून तिकडे गेलं असं सांगतात. पोऱ्याला मी सांगितलं की हा शब्द आमचा, त्याने आणखी दोन चमचे ओतले.

नजफला बाजारात अंगठ्यांच्या दुकानांची रांगच आहे, आणि खड्याला शब्द तोच, अकीक. किंमत निम्म्यावर आणा. खडा उन्हात धरून बघा, एकसारखा लाल, आत रेषा-ढग काहीच नसेल तर काच असल्याची शंका घ्या. मी दोन घेतले, एकाला फसलो. सराफाचा मुलगा.

नासिरियात मुक्काम दोन रात्री पुरे, दुसऱ्या दिवशी चिबाइशच्या पाणथळात नाव घेऊन फिरा, बोरूची घरं आणि म्हशी. हॉटेलात गरम पाणी आहे का ते पैसे द्यायच्या आधी नळ सोडून बघा, रिसेप्शनवर सगळेच हो म्हणतात.

आणि साइटवरून निघताना बूट झटका. जमिनीवर जिकडेतिकडे खापऱ्या पडलेल्या असतात, काहीही उचलणं गुन्हा आहे, पण माझ्या तळव्याच्या खाचेत नखाएवढी एक खापरी अडकली होती ती नजफच्या हॉटेलात रात्री दिसली. बगदादला म्युझियमच्या दारात देऊन टाकली, तिथला माणूस हसला आणि खिशात घातली.