सेज रॅट ट्रिप, वर्ष दुसरं: १८६ राउंड, ७१ हिट आणि एक मोडलेला नियम

तर मंडळी, अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात पूर्वेकडच्या बर्न्सहून रविवारी रात्री साडेअकराला हिल्सबरोला घरी पोचलो, पिस्टल अजून साफ करायचं बाकीय, बोटांना जळलेल्या पावडरीचा वास तसाच आहे, पण आकडे ताजे आहेत तोवर लिहून टाकतो. गेल्या वर्षी "नंतर लिहू" म्हणता म्हणता पावसाळा आला आणि वही गाडीच्या सीटखाली सापडली.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. सेज रॅट हा उंदीर नाहीच, ती बेल्डिंग्ज ग्राउंड स्क्विरल, म्हणजे जमिनीत बिळं करणारी खार, वजन पाव किलोच्या आसपास, आणि मुंगसासारखी ताठ उभी राहून टेहळणी करते. पूर्व ऑरेगनात जुलै-ऑगस्टला झोपते ती थेट फेब्रुवारी-मार्चला उठते. मग वर्षभराचं खाणं चार-पाच महिन्यांत उरकायचं, आणि खायला समोर काय तर अल्फाल्फा, म्हणजे आपला लसूण घास. एकेका शेतात शेकडो खारी, घास तर जातोच, वर त्यांच्या मातीच्या ढिगाऱ्यांनी कापणीच्या मशीनची पाती खराब होतात ते वेगळं. म्हणून एप्रिल-मेमध्ये तिकडचे शेतकरी नेमबाजांना शेतात घेतात. बहुतेक लोक रायफल आणतात, बेंच लावलेल्या ट्रेलरवर बसून दिवसाला हजार राउंड उडवतात. आमचं टोळकं फक्त हँडगनवालं. लोक हसतात, हसू देत.

यंदा पाच जण. मी, अमोल, सांगलीचा पाटील, जोशा, आणि शेजारचा डॅन, वय ६४, ज्याने आम्हाला या नादाला लावलं. पाटील अजून एच-वन-बीवर आहे, आणि त्या व्हिसावर बंदूक हातात घ्यायची तर फेडरल कायद्यात जे थोडे अपवाद आहेत त्यातला एक म्हणजे चालू हंटिंग लायसन्स, त्यामुळे त्याने ते आधी काढलं, प्रिंट मारून लॅमिनेट केलं आणि गळ्यात आयकार्डासारखं घालून फिरत होता. काउबॉय टोपी, गळ्यात लॅमिनेशन आणि हातात थेपला, असं ध्यान. माझं ग्रीन कार्ड झाल्यावरच मी या भानगडीत पडलो, तुमच्यापैकी कोणी व्हिसावर असाल तर नीट माहिती काढून मगच हात घाला.

हत्यारं: माझं रुगर मार्क फोर पिस्टल, .२२ एलआर (लाँग रायफल, नेहमीची छोटी गोळी). अमोलकडे रुगर सिंगल सिक्स, तीच ती दोन सिलिंडरवाली, एक .२२ एलआरचं आणि एक जास्त जोराच्या .२२ मॅग्नमचं. जोशाकडे बक मार्क पिस्टल. पाटीलला डॅनने स्वतःची जुनी स्मिथ अँड वेसन मॉडेल १७ रिव्हॉल्व्हर दिली, सहा इंची बॅरल, आणि तिचा ट्रिगर म्हणजे लोणी. स्वतः डॅनकडे थॉम्पसन सेंटर कंटेंडर, एका वेळी एकच गोळी, बॅरल खाली वाकवून भरायची, .२२ हॉर्नेटचं (एलआरपेक्षा बरीच वेगवान गोळी) बॅरल आणि वर पिस्टल स्कोप. ही कंटेंडर पुढे माझ्या नियमाची वाट लावणार आहे, लक्षात ठेवा.

नियम असा होता की ४० यार्डांच्या पलीकडे मी मारायचंच नाही. गेल्या वर्षी ३४० राउंडमध्ये ४१ हिट, म्हणजे १२ टक्के, आणि त्यातल्या किमान सहा-सात खारी जखमी होऊन बिळात गेल्या. ते डोक्यातून जात नव्हतं. पीक वाचवायला मारतोय ठीक, पण मारायची तर जागच्या जागी मेली पाहिजे. म्हणून नोव्हेंबरपासून रोज रात्री पंधरा मिनिटं ड्राय फायर, म्हणजे रिकाम्या पिस्टलने चाप ओढायचा सराव, भिंतीवर खारीचं कागदी चित्र (बायको म्हणाली निदान गणपतीच्या कोनाड्याशेजारी तरी नको), आणि आठवड्यातून एकदा रेंजवर २५ यार्डांवर लोणच्याच्या बरणीची झाकणं. झाकण तीन इंची, उभी खार साधारण तेवढीच रुंद. मार्चपर्यंत बसून, कोपरं गुडघ्यांवर टेकवून, दहातली सात-आठ झाकणं वाजायला लागली.

दुसरा बदल रेड डॉटचा, म्हणजे नेम धरायला लाल ठिपका दाखवणाऱ्या साइटचा. आधीचा सहा एमओएचा होता. एक एमओए म्हणजे १०० यार्डांवर जवळपास एक इंच, तर सहाचा ठिपका ५० यार्डांवर तीन इंच जागा खातो, म्हणजे अख्खी खार ठिपक्याखाली गडप आणि आपण अंदाजपंचे. आता तीनचा लावलाय, ब्राइटनेस शक्य तितका कमी. हा एकच बदल करणार असाल तरी करा.

शुक्रवारी हायवे २६ ने माउंट हूडवरून मद्रास (ऑरेगनातलंच), बेंड, मग हायवे २० ने बर्न्स. बेंडनंतरचे १३० मैल म्हणजे सेजब्रश, आकाश आणि मधेच एखादा पेट्रोल पंप. बर्न्स चार हजार फुटांवर आहे, सकाळी पाण्याच्या बाटलीत बर्फ होता. शेतमालकाने फिरत्या पाइपांचा पिव्हट आणि गाईंचा कळप दाखवून त्या दोन्ही दिशा बंद म्हणून सांगितलं. .२२ ची गोळी मैलापेक्षा लांब जाते, त्यामुळे मागे मातीचा बांध असेल तरच शॉट, आणि कोणी पुढे जाणार असेल तर सगळ्यांची मॅगझिनं बाहेर, चेंबर रिकामे, पिस्टल जमिनीवर. यात डॅन हेडमास्तर आहे.

शनिवारची सकाळ भारी गेली. ऊन पडलं तसा शेतात एकेक खुंटा उगवायला लागला. ताडपत्रीवर बसलो, बायकोच्या जुन्या जीन्सचा एक पाय कापून, त्यात तांदूळ भरून शिवलेली उशी मनगटाखाली. पहिली खार २२ यार्ड, ठिपका छातीवर, श्वास अर्धा सोडला, चाप कधी सुटला कळलंच नाही आणि ती जागच्या जागी आडवी. मग पलीकडून शिट्टी, आणि शेत सेकंदात रिकामं. यांच्या इशाऱ्याच्या ओरडण्याची गंमत म्हणजे पॉल शर्मन नावाच्या शास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियात टायोगा पासला याच खारींचा अभ्यास करून १९७७ मध्ये दाखवलं की ज्या माद्यांच्या जवळपास नातेवाईक असतात त्या धोका पत्करून जास्त ओरडतात, नर बहुतेक गप्प. जोशा म्हणाला आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये पण असंच असतं.

मधे मधे चुकत होतोच, आणि प्रत्येक चुकीला पाटील ओरडायचा, "अरे राही सरनोबतच्या गावचा ना तू? ती २५ मीटरवर एशियाडचं गोल्ड आणते आणि तुला खार दिसंना!" सांगलीकराकडून हे ऐकायचं म्हणजे काय ते कोल्हापूरवाल्यांना कळेल.

जेवणानंतर वारा सुटला आणि जवळच्या खारी शहाण्या झाल्या. डॅनने कंटेंडर काढली आणि ९० यार्डांवरची एक उचलली, मग आणखी एक. आम्ही सगळे वा वा. आणि माझ्यातला गाढव जागा झाला. हॉर्नेटची गोळी कुठे आणि माझी .२२ कुठे, ५० यार्डांवर झीरो केलेली, म्हणजे तिथे नेम जुळवलेली माझी गोळी ७५ ला तीन-चार इंच खाली जाते, वर आडवा वारा, हे सगळं मलाच पाठ आहे, तरी मी ५५, ६० वर मारत सुटलो. २६ राउंड, ४ हिट. त्यातली एक नीट मेली नाही, मागचे पाय ओढत बिळाच्या तोंडापर्यंत गेली आणि मी दुसरी गोळी घालायच्या आत गायब. जवळ जाऊन बघितलं, लसूण घासाच्या पानांवर रक्ताचे चार थेंब आणि बिळाच्या तोंडाशी ओली माती. कोणी काही बोललं नाही, पाटीलसुद्धा. मी पिस्टल बॉक्समध्ये ठेवलं आणि उरलेली दुपार दुर्बीण घेऊन बाकीच्यांना अंतरं सांगत बसलो.

रविवारी सकाळी आधी ४० यार्डांवर केशरी फडक्याची काठी रोवली. काठीपलीकडे काहीही दिसलं तरी नाही. राउंड कमी उडाले, पण मजा जास्त आली खरं सांगायचं तर.

वहीतले आकडे: २५ यार्डांच्या आत ५२ पैकी ३३. २५ ते ४० मध्ये १०८ पैकी ३४. पलीकडे ते २६ पैकी ४. एकूण ३८ टक्के. २५ ते ४० चा पट्टा ३१ टक्क्यांवर अडकलाय आणि तिथे वाऱ्याचं कारण चालणार नाही, चुकलेल्यातल्या बऱ्याच गोळ्या डावीकडे खाली गेल्यात, म्हणजे घाईत चाप झटकतोय.

तक्रार एकच. स्वस्तातला ५०० चा डबा घेतला होता, कंपनीचं नाव घेत नाही, थंडीत शंभरात सहा-सात फुसके निघाले. फुसका निघाला की पिस्टल तसंच बांधाकडे धरून तीस सेकंद थांबायचं, तोवर खार जेवून घरी. शिशाऐवजी तांब्याच्या हलक्या गोळ्याही नेल्या होत्या, कारण मेलेल्या खारी खायला ससाणे, गरुड, डोमकावळे सगळे उतरतात आणि शिशाचे तुकडे त्यांच्या पोटात जातात. पण त्यांच्यावर माझं पिस्टल नीट सायकलच होत नाही, म्हणजे पुढची गोळी आपोआप चढत नाही, दर मॅगझिनला एकदा तरी अडकतं. अमोलच्या सिंगल सिक्सला काहीच प्रॉब्लेम नाही, रिव्हॉल्व्हरच ती. म्हणून शिशावाल्यांनी संध्याकाळी बादली घेऊन आपापल्या खारी गोळा केल्या आणि मालकाने दाखवलेल्या खड्ड्यात पुरल्या. कंटाळवाणं काम आहे, पाठ धरते.

पुढच्या वर्षासाठी सेकंडहँड सिंगल सिक्स शोधतोय, साडेसहा इंची मिळाली तर बरं. कोणाला तांब्याच्या गोळीवर नीट चालणारं .२२ ऑटो माहीत असेल तर सांगा. आणि उशीतले तांदूळ दवाने फुगून आंबलेत, पिकअपमध्ये इडलीच्या पिठाचा वास येतोय, तर त्यात दुसरं काय भरू तेही सांगा.