लढाई कमी, बूट जास्त

मागच्या श्रावणात ब्रह्मगिरी उतरताना माझ्या बुटाचा सोल निघाला. अर्धा नाही, अख्खा. पायऱ्या ओल्या, वरून भुरभुर पाऊस, मागे माकडं, पुढे भाविकांची रांग, आणि मी एका हातात सोल धरून दगड चाचपत खाली येतोय. बूट नवेच होते, तीन हजाराला ऑनलाइन घेतलेले (नाव सांगत नाही, उगाच भांडण नको). त्र्यंबकच्या स्टँडपर्यंत एक पाय मोज्यावरच चाललो आणि त्या दीड-दोन तासांत मला बाकी काहीही सुचलं नाही. ना निसर्ग, ना गोदावरीचा उगम, ना गडाचा इतिहास. फक्त पुढचा दगड टोकदार आहे का, एवढंच.

हे एवढं लांबण लावून सांगायचं कारण म्हणजे त्याच आठवड्यात मी फोनवर बेंजामिन हॅरिस वाचत होतो.

हा हॅरिस म्हणजे इंग्रजांच्या ९५ व्या रायफल पलटणीतला साधा शिपाई. मूळचा डॉर्सेटचा, लहानपणी मेंढ्या राखायचा, पलटणीत आल्यावर त्याच्याकडे आपल्या तुकडीचे बूट शिवायचं काम आलं. म्हणजे बंदूकही चालवायची आणि मोचीगिरीही करायची. १८०८ मध्ये पोर्तुगालमध्ये रोलिसा आणि व्हिमेरोच्या लढायांत होता, मग त्या हिवाळ्यात स्पेनच्या डोंगरांतून व्हिगो बंदरापर्यंत जी भयानक माघार झाली त्यात होता. पुढे लंडनमध्ये सोहो भागात मोचीचं दुकान टाकून बसला. तिथे हेन्री कर्लिंग नावाचा एक लष्करी अधिकारी त्याच्याकडे यायचा, त्याने हॅरिसच्या तोंडून ऐकून ऐकून सगळं उतरवून घेतलं आणि १८४८ ला छापलं.

आता मला वाटलं होतं नेपोलियनच्या काळातलं युद्ध म्हणजे तोफा, घोडदळ, निशाणं, कोण डावीकडून आलं कोण उजवीकडून. हॅरिस व्हिमेरोबद्दल काय सांगतो? की बंदूक भरायची, उडवायची, परत भरायची, आणि आपणच केलेल्या धुरात आपण इतके बुडालेलो की स्वतःच्या बंदुकीची लाल ठिणगी सोडून काही मिनिटं काहीच दिसत नव्हतं, आणि तो पांढरा धूर कपड्यांना चिकटून बसलेला. बस. झाली लढाई. नंतर मात्र पडलेल्या माणसांमध्ये फिरताना त्याचं लक्ष मेलेल्या एका अधिकाऱ्याच्या पायांकडे जातं, कारण स्वतःच्या बुटांचं पार भजं झालेलं असतं, आणि तो तिथेच ते काढून घेतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा शी वाटलं. ब्रह्मगिरीनंतर परत वाचलं तेव्हा नाही वाटलं.

माघारीचा भाग तर रात्री वाचूच नये. बर्फ, चिखल, पोटात काही नाही, अनवाणी रक्ताळलेले पाय, वाटेत बसला तो बसलाच. आणि हॅरिसच्या पाठीवर नेहमीच्या ओझ्याशिवाय मोचीची अवजारं आणि कातडं. तो म्हणतो फ्रेंच वगैरे सोडा, माझी सगळ्यात मोठी वैरी होती पाठीवरची पिशवी. त्यांचा जनरल क्रॉफर्ड महाकडक, माघार चालू असताना सुद्धा थांबवून चाबकाचे फटके द्यायचा. त्याचा एक किस्सा आहे, थंडगार ओढा ओलांडताना एक अधिकारी एका शिपायाच्या पाठीवर बसून चाललेला, क्रॉफर्डने बघितलं आणि ओरडला, खाली ठेव त्याला, आत्ताच्या आत्ता! ठेवला पाण्यात. आणि अधिकाऱ्याला मागे जाऊन बाकीच्यांसारखा चालत ये म्हणून सांगितलं. शिपायांना एवढ्या हालात हसू आलं असणार. हे असले फटके बघून सुद्धा हॅरिस या माणसाबद्दल आदरानेच बोलतो, ते मला अजून नीटसं पचलेलं नाही.

तर तो बूट घेऊन मी नाशिकला रविवार कारंजाजवळ ज्या काकांकडे नेहमी जातो त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सोल उलटा केला, नखाने खरवडला आणि म्हणाले, "चिकटवलेला आहे नुसता. शिलाईच नाही. पावसात राहणार कसा हो?" मग आरीने भोक पाडत, मेण लावलेला दोरा ओढत पूर्ण फेरा शिवला, कडेने निघालेलं रबर रापीने सफाईने तासलं, पाऊण तास लागला, ऐंशी रुपये. बसल्या बसल्या मी त्यांना हॅरिसची गोष्ट सांगितली, की दोनशे वर्षांपूर्वी एक शिपाई होता, तोही चांभारकीच करायचा, त्या ओझ्याने मरायला टेकला होता. त्यांनी मान वर न करता म्हणलं, "आरी-रापी टाकून कसं चालेल, पोट आहे त्याच्यावर." बास, पुढे काही नाही. माझ्या मते हॅरिसवर याहून चांगली कॉमेंट कुठल्या प्रस्तावनेत सुद्धा नसेल.

मग चटकच लागली. एकामागून एक असली आत्मकथनं काढून वाचायला लागलो. जेकब वॉल्टर, जर्मनीतल्या व्युर्टेमबर्गचा पाथरवट, सक्तीने भरती झालेला, १८१२ ला नेपोलियनच्या फौजेबरोबर रशियात गेला. त्याच्या लिखाणात सेनापती जवळपास नाहीतच, आहे ती भूक. मॉस्को लांबच राहिलं, जातानाच पोलंडमध्ये खायचे वांधे, मिळालं तेवढं पीठ गढूळ पाण्यात कालवून गोळे करायचे आणि विस्तवावर भाजायचे. परतीत बेरेझिना नदीपाशी त्याला स्वतः नेपोलियन दिसतो, समोरून त्याचं हे उद्ध्वस्त झालेलं सैन्य चाललंय, आणि वॉल्टर लिहितो की त्याच्या मनात काय चाललं होतं कोण जाणे, चेहऱ्यावर तर काहीच दिसत नव्हतं. एका पाथरवटाने बादशहाकडे एवढ्या शांतपणे बघितलंय की अंगावर काटा येतो. त्याचा मुलगा अमेरिकेत गेला म्हणून ती वही कॅन्ससला पोचली आणि १९३८ मध्ये छापली गेली.

सार्जंट बुर्गोन्य त्याच मोहिमेतला, पण हा बादशहाच्या खास गार्ड पलटणीचा. मॉस्को सोडताना त्याने आपली पाठपिशवी उघडून आत काय काय आहे ते लिहून ठेवलंय: साखर, तांदूळ, थोडी बिस्किटं, अर्धी बाटली दारू, सोन्याचांदीच्या कलाबतूचा चिनी रेशमी झगा, बाईमाणसाचा घोड्यावर बसताना घालायचा मोठा डगला, चांदीच्या तसबिरी... म्हणजे आपण गावाकडून येताना आईने बॅगेत काय काय कोंबलंय ते बघतो तसं. फक्त हे लुटलेलं. हा लुटारू आहे, आणि पुढच्या शंभर पानांत याच माणसासाठी आपला जीव तुटतो, गोठलेलं घोड्याचं रक्त खातो तिथपर्यंत. लेखकाने स्वतःला धुऊन पुसून ठेवलं असतं तर असं झालं नसतं.

कोइन्ये नावाचा एक फ्रेंच शिपाई होता, त्याला तिशी उलटेपर्यंत लिहिता-वाचता येत नव्हतं, पलटणीतच शिकला, सत्तरी ओलांडल्यावर आठवणी लिहिल्या. थोडा फुशारक्या मारतो, चालायचंच. असल्या लिखाणात तारखा चुकतात, गावं चुकतात, ऐकीव गोष्ट स्वतः बघितल्यासारखी येते. हॅरिसच्या बाबतीत तर मध्ये कर्लिंग बसलाय, कुठलं वाक्य कोणाचं सांगता येत नाही. तरी माझा एक घरगुती नियम झालाय, शिपाई जेव्हा कुठली तुकडी कुठून कुठे गेली सांगतो तेव्हा मी सावध वाचतो आणि तो जेव्हा पाय, पाव आणि उवांबद्दल बोलतो तेव्हा डोळे मिटून विश्वास ठेवतो. त्यात खोटं बोलून कोणाला काय मिळणार?

आणि मग साहजिकच तो प्रश्न येतो. आमचं काय?

मी ज्या पायऱ्यांवरून एका पायाने मोज्यावर उतरलो त्याच डोंगरावरचा त्र्यंबकचा किल्ला १८१८ च्या एप्रिलमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेने घेतला. त्यानंतर मालेगावच्या किल्ल्याला वेढा पडला, नारो शंकरांनी बांधलेला किल्ला (हो, ज्यांच्या देवळाची घंटा आपण रामकुंडावर बघतो तेच), आतल्या अरबांनी तो जवळजवळ महिनाभर झुंजवला. या सगळ्यावर कंपनीच्या मद्रास फौजेच्या क्वार्टरमास्टर जनरलने, व्हॅलेंटाइन ब्लॅकरने, १८२१ ला जाडजूड ग्रंथ काढला, नकाशांसकट. आणि किल्ल्याच्या आतल्या माणसाचं? एक ओळ नाही. त्र्यंबकच्या तटावर जो कोणी कोळी किंवा मराठा गडकरी उभा होता त्याच्या पायात काय होतं, दोन महिन्यांचा पगार थकलेला होता का, सकाळी नाचणीची भाकरी खाल्ली होती का, काही नाही.

आपल्याकडे लिहीत नव्हते असं थोडंच आहे. कागद तर ढिगाने आहेत, पेशवे दफ्तर भरून वाहतंय. बखरी आहेत, पण त्या कारकुनांच्या. पोवाडे आहेत, शेजारच्या संगमनेरचा अनंत फंदी, पुढे प्रभाकर, पण पोवाड्यात सरदार लढतो, शिपाई नुसता पडतो. १८५७ चं डोळ्यांनी बघितलेलं वरसईच्या गोडसे भटजींनी लिहिलं, सुंदर लिहिलं, पण ते दक्षिणा मिळवायला निघालेले भिक्षुक. सीताराम पांडे नावाच्या बंगाल फौजेतल्या सुभेदाराचं एक आत्मचरित्र इंग्रजीत आहे, १८१२ ला भरती झालेला, पण ते खरंच त्याचं का अनुवाद करणाऱ्या साहेबाचं यावर अभ्यासकांचे वाद चालूच आहेत.

नगरची गोष्ट तर फारच बोचते. ८ ऑगस्ट १८०३ ला इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेने शिड्या लावून नगरची पेठ घेतली. तेव्हा त्याच्या छावणीत असलेल्या गोखले या मराठा सरदाराच्या तोंडचं एक वाक्य इंग्रज फार कौतुकाने सांगतात, साधारण असं की हे इंग्रज अजब लोक, सकाळी आले, भिंत बघितली, चढून गेले, आतले सगळे मारले आणि परत येऊन न्याहारीला बसले. वाक्य फर्मास आहे. पण ते सुद्धा आपल्यापर्यंत पोचतं ते इंग्रजीतून, न्याहारी करणाऱ्यांच्या बाजूने.

माझे मामा देवळाली कॅम्पला राहतात. तोफखान्यातून हवालदार म्हणून रिटायर झाले, ७१ च्या लढाईत पश्चिम सीमेवर होते. लहानपणी आम्ही त्यांना युद्धाचं सांगा सांगा म्हणून पिडायचो आणि ते चहा कसा करायचे तेवढंच सांगायचे, आम्हाला वाटायचं मामा बोअर आहे. गेल्या दिवाळीत भाऊबीजेला आईबरोबर गेलो तेव्हा हॅरिसचा तो धुराचा उतारा मराठीत करून त्यांना वाचून दाखवला. ऐकताना सुपारी कातरत होते ते थांबले. म्हणाले, "बरोबर आहे. गोळा टाकला की झालं, पुढचं आपल्याला कुठं दिसतंय."

मी म्हणलं मामा लिहा की. तर म्हणे माझं कोण वाचतंय, मी काय मोठा साहेब होतो. मी कॉलेज रोडवरून एक दोनशे पानी वही घेऊन दिली, मामीला सांगितलं रोज आठवण करा. संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेलो तर वही टीव्हीखाली, वर लाइट बिल. उघडली. दीड पान झालं होतं, तारीख नाही, गावाचं नाव नाही, पहिलं वाक्य असं:

"बूट दोन नंबर मोठे मिळाले होते, पुढं कागद कोंबून घालत होतो, रात्री त्याच कागदावर शेव खाल्ली."